बोर्डापुढे काढलेली रेघ

११ फेब्रुवारी, पेण
दुखणं ६.

पनवेलच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज दहापैकी आकडा लिहून ठेवा, दिव्यांग प्रमाणपत्राला जाल तेव्हा बोर्डापुढे उपयोगी पडेल. म्हणून ही वही. सहा म्हणजे नक्की किती ते त्यांनी सांगितलं नाही, तेव्हा माझं मीच ठरवलंय. तीन म्हणजे भाकरी थापता येते. पाच म्हणजे थापता येते, उलटता येत नाही. सात म्हणजे नवऱ्याला म्हणायचं, चहा तू कर. नऊ म्हणजे तो न सांगता करतो. दहाला तो काय करील ते अजून बघायचंय.

नवरा म्हणजे दिलीप. यापुढे नुसता दि. लिहीन, हात दुखतो.

मानेतल्या दोन मणक्यांमधली चकती सरकून नस दाबली गेलीय. कळ मानेत सुरू होते, उजव्या खांद्यावर मुक्काम करते आणि करंगळीला जाऊन थांबते. चोवीस वर्षं हमरापूरच्या कारखान्यात मान वाकवून गणपतींचे डोळे आखले, त्याचं हे. एवढ्या देवांना दृष्टी दिली, एकानेही वळून बघितलं नाही. टेम्पोत बसले आणि गेले.

ऑपरेशन केलं तर बरं वाटेल का, विचारलं. म्हणाल्या, वाटू शकतं. नाही केलं तर? तसंही वाटू शकतं.

१५ फेब्रुवारी
दु. ५.

रझियाच्या ई-सेवा केंद्रात फॉर्म भरला. रझिया आमच्याच आळीतली, नवरा कतारला. अख्ख्या पेणचे दाखले, सातबारे, परीक्षांचे अर्ज तिच्या त्या एका टेबलावरून सरकारात जातात. व्यंगाच्या प्रकारांची यादी तिने दोनदा वरखाली केली. आंधळेपण आहे, बहिरेपण आहे, अशी नावं आहेत की वाचूनच घाम फुटावा.

"ताई, दुखणं यादीत नाय हाय."

"खाली बघ."

"खाली कॅप्चा हाय."

शेवटी अस्थिव्यंग टाकलं. मग फोटो. नुसता चेहरा चालेल, पण जरा तसं दिसू द्या, म्हणाली. तसं म्हणजे कसं? तिने तिसऱ्यांदा काढला तो ठेवला. त्यात मी दुसऱ्याच्या लग्नात जेवण संपल्यावर पोचलेल्या पाहुणीसारखी दिसते. दुखणं कुठेही दिसत नाही. माझ्या दुखण्याचा हाच तर ताप. प्लास्टर नाही, काठी नाही, पट्टा लावला तर लोक म्हणतात फॅशन केली. दळणाच्या रांगेत त्या दिवशी एक बाई म्हणाली, तुझं आपलं बरं, बसून असतेस.

घरी येऊन आडवी झाले. बसून असते ती अशी.

२ मार्च
दु. ७.

नाना आले. कारखान्याचे मालक. चांगला माणूस आहे असं सगळे म्हणतात. या चांगल्या माणसाच्या कारखान्यात चोवीस वर्षांत पाठ टेकायची एक खुर्ची आली नाही. पाट होता. पाटावर बसायचं, मूर्ती मांडीशी घ्यायची, करंगळी देवाच्या गालाला टेकवायची, श्वास रोखायचा आणि पापणीची रेघ एका दमात ओढायची. मधे श्वास घेतला की रेघ हलते, आणि हललेली रेघ पुसता येत नाही. पुसली तर सगळा चेहरा पुन्हा रंगवा.

दिवाळीपासून मी गेलेले नाही. नाना म्हणाले, पोरी डोळे काढतात गो, पण देव बघत नाय. गिऱ्हाईक समोर उभं ऱ्हातं आणि देव आपला त्याच्या खांद्यावरून एसटी स्टँडकडं बघतो.

मी म्हटलं, अर्ज केलाय. चाळीस टक्के मिळाले की सरकारच्या निराधार योजनेतून महिन्याला थोडंफार येईल, एसटीत सवलत मिळेल. आणि मुख्य म्हणजे तुम्ही असे आलात की दाखवायला शिक्क्याचा कागद असेल. आज मी नुसती नाही म्हणते तर तुम्हाला नखरा वाटतो.

"चाळीस? चाळीस कशाला लागतात?"

मी म्हटलं, पास व्हायला पस्तीस लागतात, दिव्यांग व्हायला चाळीस. आमची परीक्षा अवघड.

चहा दि.ने केला. नानांनी त्याचीच तारीफ केली.

२१ मार्च
दु. ६.

मोबाईलवर मेसेज. तपासणी शिबिर रोह्याला, २७ तारखेला, सकाळी नऊ. दि.ला धाटावच्या केमिकल कंपनीत फर्स्ट शिफ्ट, सुट्टी देत नाहीत. म्हणजे आदल्या दिवशी एकटीने गाडीने जायचं आणि वन्संकडे मुक्काम. बोर्डाची भीती नाही वाटत. वन्संची वाटते.

२६ मार्च, रोहा
दु. ७, गाडीच्या बाकामुळे. वन्संमुळे ८.

वन्सं म्हणजे दि.ची मोठी बहीण. बायकांच्या भजनी मंडळात पंधरा वर्षं पुढे बसतात, त्यामुळे लोकांसमोर काय करावं यातलं आपल्याला कळतं अशी समजूत. मी चप्पल काढते तोच सुरू.

"मंदे, उद्या अशीच जाणार? साडीला इस्त्री, केस चापूनचोपून. तुला बघून कोण म्हणंल गो हिला दुखतंय?"

म्हटलं, इस्त्री दि.ने केलीय आणि केस रझियाने बांधलेत, माझा हात वर जात नाही. तर म्हणे, ते तिथं कोण सांगणार हाय, तुझी इस्त्री बोलणार? मग त्यांनी मला चालून दाखवलं. स्वयंपाकघर ते ओटी, एक पाय ओढत, एक हात लोंबता सोडून, तोंडाने हळूहळू कण्हत. मी म्हटलं, वन्सं, मला पाय दुखायचा आजार नाही. त्या म्हणाल्या, डॉक्टरला काय ठाऊक.

खरं सांगायचं तर छान केलं त्यांनी. त्यांना साठ टक्के सहज मिळाले असते.

२७ मार्च, रोहा
आकडा नंतर.

शिबिर मंगल कार्यालयात. बोर्ड वर स्टेजवर, वधूवरांच्या लाल गादीच्या खुर्च्यांत. मागे थर्माकोलची दोन हृदयं तशीच, कालचं लग्न कोणाचं ते नाव अर्धं निघालेलं. स्टेजला पाच पायऱ्या. एक पाय नसलेला माणूस माझ्यापुढे होता, तो वर चढेपर्यंत बोर्ड वाट बघत होतं. तो चढला म्हणून त्याचे टक्के कमी केले नसतील अशी आशा आहे.

हाडांचा डॉक्टर तरुण, बोलायला गोड. एमआरआय उजेडाला धरून बघितला. मान फिरवा. फिरली नाही. हात वर. खांद्यापर्यंत गेला, मग डोळ्यांतून पाणी. काय काम करायचात? सांगितलं. आता? नाही करत. का?

"दुखतं."

ही वही पुढे केली. त्याने पहिलं पान वाचलं, हसला, परत दिली. दुसरं पान उघडलं नाही.

मग एका कोऱ्या कागदावर त्याने दोन ठिपके काढले, वीतभर अंतरावर. पेन माझ्या हातात दिलं. म्हणाला, हे जोडा.

मी जोडले.

एवढंच झालं. काय करतेय हे मला कळलंच नाही. करंगळी कागदाला टेकली, श्वास आपोआप थांबला, हाताने ओढायचं ते ओढलं. मानेत सुरी फिरत होती. पण ती रेघेत येत नाही, येऊ द्यायचीच नसते, चोवीस वर्षं तेवढंच तर शिकले. त्याने खिशातली पट्टी काढली आणि रेघेला लावली. पट्टी आणि रेघ यांच्यात काही उरलं नाही. शेजारच्या डॉक्टरला दाखवली. "सर, हे बघा." तो म्हणाला, क्या बात है. मग हा मला म्हणाला:

"बाई, हात तर एकदम फर्स्ट क्लास आहे तुमचा."

आणि मी हसले. हे लिहायलाच हवं, वही खोटी नको. मला बरं वाटलं. इतक्या वर्षांत नानांनी कधी म्हटलं नाही ते बोर्डाने म्हटलं, आणि मी मान खाली घालून, जितकी जाते तितकी, लाजले. तो लिहीत होता तेव्हा मी लाजत होते.

परतीच्या गाडीत पेण कधी आलं कळलं नाही. घरी दोन गोळ्या. ९.

११ एप्रिल
दु. ६.

निकाल आला. रझियाने स्क्रीन माझ्याकडे वळवली. बावीस टक्के.

बावीस. म्हणजे आठवड्यातला दीड दिवस मी दिव्यांग आहे. उरलेला आठवडा धडधाकट, त्यात भांडी घासायची, दळण आणायचं, नानांकडे जायचं.

रझिया म्हणाली, फेरतपासणी मागता येते. मी म्हटलं, मागू. ती म्हणाली, ताई, आज चहा माज्याकडून. लोक आजारी माणसाला चहा पाजतात तेव्हा तो कडूच लागतो. तिचा नाही लागला. बाकी सगळ्यांचा लागतो.

१३ एप्रिल
दु. ७.

दि.शी भांडण. सेकंड शिफ्टला निघायच्या आधी, डबा भरता भरता. सगळं ऐकून घेऊन दोन दिवसांनी त्याला प्रश्न पडला.

"तू सरळ कशाला काढलीस पण?"

म्हटलं, त्याने जोडा म्हणून सांगितलं. तो म्हणाला, मग जोडायची, पण जरा हलवायची. म्हटलं, तुझ्या कंपनीत व्हॉल्व्ह फिरवायला सांगितला तर जरा अर्धवट फिरवतोस का? तो म्हणाला, तिथे स्फोट होईल. म्हटलं, इथे झालाच की.

डब्याचं झाकण त्याने दोनदा लावलं. मग बिलाच्या पाठीवर दोन ठिपके काढले आणि स्वतः एक रेघ ओढली. काय ती रेघ. साप चावलेल्या माणसाने सापाचं चित्र काढावं तशी. सहज काढली, बोलता बोलता. पेन मला दिलं, आता तू.

काढली. सरळ. पुन्हा, ठरवून, हात हलवत. आली ती लाट, सगळ्या वळ्या एकसारख्या, सोंडेवर काढतात तशा. तिसरी, डोळे मिटून. जरा तिरकी, पण शेवट बरोबर ठिपक्यावर.

दि. बराच वेळ कागद बघत उभा. त्याची बस चुकली. बस चुकली म्हणून माझ्यावर ओरडला नाही. मग मीच ओरडले.

३ मे
दु. ६.

फेरतपासणीचा अर्ज. तालुक्याचं ऑफिस, खिडकीमागे चष्मा कपाळावर ठेवलेला इसम. त्याने अर्जावर बोट ठेवलं. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं होतं: दुखतं.

हे कारण होत नाही, म्हणाला. मग कारण काय होतं? मोजणीत चूक झाली असं लिहा. म्हटलं, मोजलेलं बरोबर आहे, मोजायचं ते मोजलं नाही. तो म्हणाला, हे लिहायला रकाना पुरणार नाही. म्हटलं, पुरवणी जोडते. त्याने चष्मा डोळ्यांवर घेतला, पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं आणि विचारलं:

"ताई, तुम्ही दिसता तर बऱ्या. तुम्हाला नक्की काय होतं?"

मागे आठ माणसं रांगेत. सगळ्यांचे कान माझ्या मानेवर. मी म्हटलं, तुमच्यासारख्यांशी बोलून होतं ते होतं. शिक्का मारा.

मारला. वाकडा. त्याचा हात बावीस टक्क्यांच्या वरचा आहे.

१८ मे
दु. ५ सकाळी.

नाना पुन्हा. या वेळी मोबाईलवर फोटो घेऊन. पनवेलच्या मंडळाची मूर्ती, बारा फुटी, पाऊस लागायच्या आत हलवायची म्हणून उद्याच न्यायला येणार, आणि डोळे कोणीतरी असे काढलेत की देव आत्ताच कोणावर तरी चिडून आलाय. मंडळाने सांगितलंय, हे डोळे घेऊन आम्ही जाणार नाही. पोरींनी चेहरा पांढरा करून ठेवलाय. मंदाताई, दोनच डोळे. रिक्षाने नेतो, रिक्षाने सोडतो.

नाही म्हणायला कागद नव्हता. म्हणजे होता, बावीसचा.

आणि त्या फोटोतले डोळे बघवत नव्हते, हेही आहेच. नानांना ते ठाऊक होतं.

२० मे
दु. ९, काल आणि आज.

परवा घोड्यावर चढून उभ्याने आखले. घोडा म्हणजे तो लाकडी, चार पायऱ्यांचा. वीस मिनिटं लागली. उजवा डोळा, मग डावा. खाली उतरले तेव्हा पोरी टाळ्या वाजवत होत्या, नाना डोळे पुसत होते, आणि देव सगळ्यांकडे बघत होता. मी स्वतः चालत रिक्षापर्यंत गेले. तेव्हा कोणी बघितलं असतं तर बावीससुद्धा जास्त म्हणाला असता.

घरी पोचल्यावर अर्ध्या तासाने सुरू झालं. काल दिवसभर आडवी. कूस बदलायची तर दि.ला हाक. त्याने न सांगता चहा केला, मान उचलून बशीने पाजला. आज चमचा धरता आला. पेन आत्ता, संध्याकाळी, जमतंय. चार ओळी लिहायला तासभर.

पडल्या पडल्या एक कळलं. ते लोक रेघ बघतात. रेघ संपते तिथे माझं सुरू होतं, आणि तोवर मी त्यांच्यापुढून उठून गेलेली असते. स्टेजच्या पायऱ्या उतरून, इस्त्रीच्या साडीत.

४ जून
दु. ६.

तारीख आली. ९ ला, रोहा, या वेळी शाळेच्या वर्गात. वन्संचा फोन, आदल्या दिवशी ये, मी सगळं बसवून घेते. म्हटलं, सकाळच्या गाडीने येईन, थेट. त्या म्हणाल्या, मी तिथं येऊन उभी ऱ्हाते. नको म्हटलं. येणारच.

९ जून, रोहा ते पेण, मग घर
हे तीन दिवसांनी लिहितेय. तेव्हा जमलं नाही.

डॉक्टर दुसरा. वयस्कर, पान खाल्लेलं, कंटाळलेला. मागचा कागद फाईलमध्ये होता, त्यावर माझी रेघ, बाजूला पट्टीची खूण. त्याने ती बघितली आणि भुवया वर केल्या. मी तो काही बोलायच्या आत म्हटलं:

"डॉक्टर, आज पण सरळच येणार. वाकडी काढता येत नाही मला, घरी करून बघितलंय. रेघ बघून लिहू नका. मला वीस मिनिटं रेघा काढू द्या, मग बघा."

तो म्हणाला, बाई, बाहेर रांग बघितलीत? मी म्हटलं, रांगेचं चालू द्या. मला टेबलाच्या कोपऱ्याला बसवा, मधे मधे बघा. कंपाउंडर हसला. डॉक्टर नाही हसला. त्याने पान दुसऱ्या गालात घेतलं, एक जुना फॉर्म उलटा करून माझ्यापुढे टाकला आणि पुढचं नाव पुकारलं.

मग मी डोळे काढले. दुसरं काय येतं. एक जोडी, दुसरी, तिसरी. समोरून माणसं येत होती, पाय दाखवत होती, कान दाखवत होती. कुठल्या तरी म्हातारीने माझ्या कागदाला नमस्कार केला. चौथ्या जोडीनंतर खांदा. सातव्या जोडीनंतर हात कुठे संपतो आणि पेन कुठे सुरू होतं ते कळेना. घाम. बाजूला कोणीतरी म्हणत होतं, ही बाई काय फॉर्म भरतेय एवढा. अकरावी जोडी झाली तेव्हा डॉक्टर म्हणाला, बस, पेन ठेवा.

ठेवता आलं नाही. बोटं उघडेनात. मी बघत होते त्यांच्याकडे, माझी नसल्यासारखी. तो उठून आला. एकेक बोट सोडवलं, करंगळी शेवटी, आणि पेन काढून घेतलं. मान वळवा म्हणाला नाही. दुखतं का विचारलं नाही. खुर्चीतून उठायला कंपाउंडरने एका बाजूने धरलं, त्याने दुसऱ्या.

मग बसला आणि लिहीत राहिला. मागच्यापेक्षा बराच वेळ. उलटं वाचायचा प्रयत्न केला, डॉक्टरांची अक्षरं सुलटीही वाचता येत नाहीत. विचारलं, किती लिहिलंत? म्हणाला, मी एकटा ठरवत नाही, वर जातं, कमिटी बघते. आणि माझा तो डोळ्यांचा कागद घडी न घालता फाईलमध्ये ठेवून त्याने स्टेपल मारला.

बाहेर वन्सं. पहिला प्रश्न, रडलीस का? म्हटलं, नाही. त्या म्हणाल्या, मग गेलं. पण पिशवी त्यांनीच घेतली, आणि स्टेशनपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. हे मी त्यांच्याबद्दल लिहितेय, दोनदा वाचून खात्री केली.

१२ जून, पेण
दु. ८.

रझियाने बघितलं. ‘प्रक्रियेत’ असं येतंय. आणखी पंधरा दिवस तरी तेच येणार, म्हणाली.

तो कागद डोक्यातून जात नाही. वर कोणी कमिटीतला फाईल उघडणार. त्याला घाम दिसणार नाही, बोटं कशी सोडवली ते दिसणार नाही. डॉक्टरने काय खरडलंय ते वाचेल का कोण जाणे. दिसणार काय, तर अकरा जोड्या डोळे, त्याच्याकडे बघणारे.

दि.ला सांगितलं. फर्स्ट शिफ्ट करून आला होता, कंपनीचा वास अजून अंगाला. त्याने डबा मोरीत ठेवला. मग अगदी आशेने विचारलं:

"निदान शेवटची जोडी तरी हलली असेल ना?"

मी खोटं सांगणार होते. त्याचा चेहरा बघून सांगावंसं वाटलं.

"नाही," म्हटलं. "शेवटची सगळ्यात चांगली आली."